नाक बिघडलं म्हणजे डॉक्टर चुकला का?

२०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूमध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या २१ वर्षांची एक कन्नड अभिनेत्री दगावली. २०२५ मध्ये कानपूरहून बातमी आली की केस लावून घेतल्यानंतर दोन अभियंते गेले. अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, 'देवानं दिलेलं रूप बरं होतं की, गेलेच कशाला?' दुसऱ्याचं, 'त्या डॉक्टरला आधी आत टाका.' पहिल्या तटाला माणुसकी कमी पडते, दुसऱ्याला माहिती. पहिल्याचं आपण काही करू शकत नाही. दुसऱ्यासाठी हा लेख.

आणि हा विषय काही फक्त नटनट्यांचा राहिलेला नाही. म्हापसा, पर्वरी, मडगाव, कुठेही जा, केस लावून देणाऱ्यांचे आणि पोट सपाट करणाऱ्यांचे फलक दिसतात. जड कर्णफुलं घालून घालून फाटलेली कानाची पाळी शिवून घेणारी आजी, लग्नाआधी गालावरचा जुना व्रण घालवायला निघालेली मुलगी, तिशीत टक्कल पडायला लागलेला बँकेतला कारकून, हे सगळे याच दारातून आत जातात. त्यातल्या बहुतेकांचं नीट होतं. ज्यांचं होत नाही त्यांना एकच प्रश्न पडतो: हे माझं नशीब, की त्याची चूक?

दोन शब्द वेगळे ठेवा

शस्त्रक्रिया नीट करूनही काही जणांना जो त्रास होऊ शकतो, आणि जो वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत आहे, त्याला 'गुंतागुंत' म्हणतात. 'निष्काळजीपणा' निराळा. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी न घेणं, आणि त्यामुळेच नुकसान होणं, याला कायद्यात निष्काळजीपणा म्हणतात. यातला 'साधारण' महत्त्वाचा. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सर्जनशी तुलना होत नाही. ही कसोटी मूळची १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात तीच मान्य केली. 'त्यामुळेच' हाही तितकाच महत्त्वाचा: चूक झाली पण नुकसान दुसऱ्याच कारणानं झालं, तर दावा टिकत नाही.

होडी समुद्रात गेली आणि वादळात सापडली तर तांडेलाला कोणी दोष देत नाही. पण हवामान खात्याचा इशारा असताना त्यानं होडी काढली, किंवा लाटा चढताना दिसूनही जाळं ओढायच्या नादात मागे फिरला नाही, तर मात्र गाव त्याला जाब विचारतं. वादळ दोन्हीकडे तेच. विचारलं जातं ते निघण्याआधी काय पाहिलं, पाण्यात असताना काय केलं आणि संकट दिसल्यावर काय केलं, हे. डॉक्टरच्या बाबतीतही न्यायालय याच तीन वेळा तपासतं. निकाल वाईट आला एवढ्यावर काहीच ठरत नाही.

याचं अलीकडचं उदाहरण २०२४ चं. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात एका लहान मुलाची पडलेली पापणी उचलायची शस्त्रक्रिया १९९६ साली झाली होती. नंतर डोळ्याची अवस्था आधीपेक्षा बिघडली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाई दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडली म्हणजे शस्त्रक्रिया चुकीचीच होती असं होत नाही, डॉक्टर नेमका कुठे कमी पडला ते दाखवावं लागतं, असं न्यायालयाने म्हटलं. मुलाच्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवलं तर हे पचायला जड जातं. पण उलट नियम असता तर अवघड रुग्णाला हात लावायला कोणी डॉक्टर धजावला नसता.

'पण मी आजारी नव्हतोच ना?'

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. अपेंडिक्स फुटलेला माणूस आणि नाक जरा बाकदार वाटतं म्हणून आलेला माणूस यांत फरक आहेच. सरकारलाही तो कळतो: आजारावरच्या उपचारांना जीएसटी नाही, पण केस प्रत्यारोपण आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघातानं बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तरच माफी. म्हणजे बिलावर जीएसटी लागला असेल तर तुम्ही उपचार नव्हे, सेवा विकत घेतलीत असं सरकार धरून चालतं.

तरीही निकालाची हमी कायदा मागत नाही, कारण शरीर कापडासारखं मापात शिवता येत नाही. कानाच्या पाळीचंच बघा. पंधरावीस मिनिटांचं काम, सुन्न करायचं इंजेक्शन आणि चार टाके. तरी काहींच्या त्वचेला भरून येताना थांबायचं कळत नाही आणि पाळीवर वाटाण्याएवढी घट्ट गाठ उभी राहते. तिला 'केलॉइड' म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ती जास्त दिसते. ती टाक्यांच्या चुकीनं आलेली नसते. पण आजीच्या दंडावर देवीच्या लसीची जुनी जाडजूड गाठ डोळ्यांसमोर असताना डॉक्टरनं 'आधी कुठली जखम अशी फुगली होती का' हे विचारलंच नसेल, तर प्रश्न गाठीचा राहत नाही, न विचारण्याचा होतो.

आजार नसल्यामुळे डॉक्टरवरचं ओझं एका ठिकाणी वाढतं असं माझं मत आहे, आणि ते ठिकाण म्हणजे 'नाही' म्हणणं. अपेंडिक्सवाल्याला थांबायला वेळ नसतो. पोटाची लोंबती कातडी काढायला आलेला माणूस दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढत असेल, तर त्याला काही आठवडे ती बंद करायला सांगून परत पाठवता येतं. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ओढून शिवलेली कातडी काळी पडून मरते, हे कुठल्याही प्लास्टिक सर्जनला ठाऊक असतं. साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा हृदयरोगी, यांचंही तसंच. आणि काही जणांना असतो शरीराबद्दलचा एक मानसिक आजार: नसलेलं व्यंग आरशात रोज दिसत राहतं, शस्त्रक्रिया कितीही छान झाली तरी समाधान होत नाही. अशा माणसाला सुरीपेक्षा मानसोपचाराची गरज असते. आगाऊ रक्कम भरून घेऊन पुढच्याच आठवड्याची तारीख देणाऱ्या दवाखान्यात हे कोण ओळखणार?

सुई चुकली, ती गुंतागुंत. पुढे काय झालं?

आता एक प्रसंग जवळून बघू. खरा कोणाचा नाही, पण असे घडतात.

समजा, फोंड्यातल्या एका बाईनं नाकाशेजारच्या घडीत फिलर भरून घेतलं. फिलर म्हणजे त्वचेखाली सुईनं सोडलेलं जेल, बहुतेकदा हायल्युरॉनिक ॲसिडचं. पाच मिनिटांचं काम, लगेच घरी. संध्याकाळी साडेसातला ती दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. नाकपुडीच्या बाजूची कातडी पांढुरकी पडलीय, त्यावर जांभळट जाळी उमटलीय. खाली लिहिलंय, 'खूप ठणकतंय.' वीस मिनिटांनी उत्तर येतं, 'नॉर्मल आहे मॅडम. आईस लावा. उद्या कॉल करा.' पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी दुपारी डॉक्टर बघतात तेव्हा नाकपुडीची कड काळी पडायला लागलेली असते.

काय झालं? जेल रक्तवाहिनीत शिरलं किंवा तिच्यावर दाब आला, आणि त्या भागाचं रक्त तुटलं. अनुभवी हातांकडूनही हे क्वचित घडतं, चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. एवढ्यापुरती ही गुंतागुंत. पण या जेलवर उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन दिलं की जेल विरघळतं. ते तासांत द्यायचं असतं, दिवसांत नव्हे. त्यात बर्फानं रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणजे सल्ला नुसता अपुरा नव्हता, उलटा होता. पांढुरकी कातडी, जाळी आणि वाढतं ठणकणं ही लक्षणं फिलर भरणाऱ्याला झोपेतही ओळखता यायला हवीत. म्हणून सुई टोचली त्या क्षणापेक्षा साडेसातच्या त्या तीन वाक्यांवर दावा उभा राहतो. आणि जेल डोळ्याच्या रक्तवाहिनीत पोचलं तर एवढाही वेळ नसतो. डोळ्याचा पडदा रक्ताविना जेमतेम तास-दीड तास तग धरतो.

फिलर ठेवणाऱ्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये हा उतारा आहे का, हे आधीच विचारावं. ज्याला हा प्रश्न आवडत नाही त्याच्याकडून फिलर भरून घेऊ नये.

चरबी काढण्यात म्हणजे लायपोसक्शनमध्ये धोके मोठे आहेत. चरबीचा कण फुप्फुसात जाऊन बसू शकतो, पायात झालेली रक्ताची गुठळी वर सरकू शकते, नळी पोटाच्या आवरणातून आत जाऊन आतड्याला भोक पडू शकतं. सुन्न करायचं औषध यात भरपूर पाण्यातून सोडतात. त्याचा हिशेब वजनाप्रमाणे करावा लागतो, तो चुकला तर फिट येते, हृदय बंद पडतं. एका बैठकीत पाच लिटरपेक्षा जास्त काढणं हे 'मोठं' लायपोसक्शन धरतात आणि त्यानंतर रुग्णाला रात्रभर रुग्णालयात नजरेखाली ठेवणं अपेक्षित असतं. यातल्या चरबीच्या कणाला कोणी थांबवू शकत नाही. पण औषधाचा हिशेब कागदावर नसणं, भूलतज्ज्ञ नसणं, श्वास लागलेल्या रुग्णाला 'घाबरलीय' म्हणून घरी पाठवणं, हे सगळं माणसाच्या हातातलं होतं.

जखम वरून भरल्यावर काही आठवड्यांनी गाठी उठून पू येत राहिला, नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी हटला नाही, तर क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एखादा जंतू असू शकतो. नळाच्या पाण्यात तो राहतो. तिथे हत्यारं कशी धुतली, कशी निर्जंतुक केली, हा पहिला प्रश्न येतो.

शनिवारी आला, रविवारी गेला

गोव्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दुसऱ्या शहरातला सर्जन शनिवार-रविवारी येऊन शस्त्रक्रिया करून जातो, ही सोय चांगली असते: रुग्णाला मुंबईला जावं लागत नाही, राहण्याचा खर्च वाचतो. पण तो दाबोळीहून किंवा मोपाहून विमानात बसला की मागे कोण? फेसलिफ्टनंतर, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ओढून शिवल्यावर, कातडीखाली रक्त साठतं ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत. चरबीच्या कणाची लक्षणं एक ते तीन दिवसांत दिसतात. नेमकी हीच वेळ सर्जन गावात नसण्याची. मागे जबाबदारी घेणारा पात्र डॉक्टर ठरवून, त्याचं नाव आणि फोन रुग्णाला देऊन गेला असेल तर ठीक. नसेल तर ती उणीव स्वतंत्रपणे दाखवता येते.

'सर्जन आमचा नव्हता, तो फक्त आमचं थिएटर वापरून गेला,' असं रुग्णालय सांगू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच हा बचाव फारसा चालू दिलेला नाही. रुग्ण रुग्णालयाच्या नावावर येतो, तेव्हा बोलावलेल्या डॉक्टरच्या चुकीलाही रुग्णालय उत्तरदायी ठरतं, आणि काळजी घेतली होती हे त्यानंच दाखवायचं.

'सही केली होती, आता कसलं भांडण?'

संमतीपत्रावरच्या सहीचा लोक फार धसका घेतात. ते छापील कागद तुम्ही पाहिले असतील: इंग्रजीत चार पानं, खाली 'सर्व धोके मला माझ्या भाषेत समजावले' असं वाक्य, धोक्यांची जागा कोरी आणि सही भरतीच्या सकाळी, सलाइन लावायच्या आधी पाच मिनिटं घेतलेली. त्या सहीनं तुम्ही माहीत असलेले धोके पत्करता. निष्काळजीपणा पत्करत नाही. 'काहीही झालं तरी डॉक्टर जबाबदार नाही' असं छापलं म्हणून ते खरं होत नाही.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणजे काय ते नीट उलगडून सांगितलं. दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या बाईला तपासणीसाठी भूल दिली आणि ती बेशुद्ध असतानाच आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशयं काढून टाकली. न्यायालयाने ठरवलं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे, आणि सज्ञान, धडधाकट माणसाच्या वतीनं दुसरं कोणी ती देऊ शकत नाही. शस्त्रक्रियेचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगायलाच हवेत. त्याच निकालात हेही आहे की लाखात एखाद्याला होणारा प्रत्येक दुर्मीळ धोका वाचून दाखवायची सक्ती नाही. म्हणजे 'मला हे सांगितलं नव्हतं' असं म्हणताना तो धोका ठळक होता का, हे बघावं लागतं. नाकाची शस्त्रक्रिया काही जणांना पुन्हा करावी लागते, हा ठळक धोका. आणि सौंदर्याच्या शस्त्रक्रियेत 'काहीच न करणं' हाही एक पर्याय असतो. तो सांगितला का?

उलट बाजूही लक्षात घ्या. सगळं मराठीत समजावलं, रेखाटून दाखवलं, विचार करायला आठवडा दिला, दुसऱ्या भेटीत सही घेतली, अशी नोंद असेल तर तो डॉक्टर भक्कम जागी उभा आहे.

'गुंतागुंत होती' म्हटलं की संपलं?

नाही. याचा जुना दाखला कोकणातलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता, माणसं लावून, जोरानं पाय ओढून प्लास्टर घातलं. तरुण गेला. रक्तात चरबीचा कण अडकून मृत्यू झाला, हा सर्जनचा बचाव होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. डॉक्टरची तीन कर्तव्यं त्याच निकालात सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कुठला उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. पुस्तकात लिहिलेल्या गुंतागुंतीचं नाव घेतल्यानं यातलं एकही कर्तव्य पुसलं जात नाही.

'नीट झालंय म्हणतात, पण मला आवडलं नाही'

इथे कायदा थंड आहे, आणि मला वाटतं बरोबर आहे. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, नवे यायला तीन-चार महिने लागतात आणि खरं चित्र वर्षानं दिसतं. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तिसऱ्या महिन्यात आरशात बघून केलेली तक्रार बहुधा अकाली असते. डोकं पुसता पुसता 'पैसे बुडाले' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची ती स्थिती तात्पुरती असते.

पण आवडनिवड निराळी आणि दिलेला शब्द निराळा. 'शंभर टक्के निकाल', 'व्रण राहणार नाही', 'आयुष्यभर गळणार नाहीत' असं जाहिरातीत किंवा मेसेजमध्ये लिहून दिलं असेल, तर तो पुरावा होतो. ग्राहक कायद्यात फसवी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांची वेगळी कलमं आहेत, तिथे सुरी कशी चालवली हे सिद्ध करावं लागत नाही. अमुक हजार केस लावतो म्हणून पैसे घेतले आणि त्याहून कमी लावले, हा तर सरळ हिशेबाचा प्रश्न.

सुरी कोणाच्या हातात होती?

एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, अशी प्लास्टिक सर्जनची नेहमीची वाट. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे त्वचाविषयातले एमडी हे बोटॉक्स, फिलर, लेझर, केस प्रत्यारोपण करतात. 'कॉस्मेटॉलॉजी'चा तीन महिन्यांचा डिप्लोमा भिंतीवर टांगलेला असला म्हणून यांतलं काही होता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांत तर साफ म्हटलंय की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून केस प्रत्यारोपण करण्याची पात्रता येत नाही. तंत्रज्ञ मदतीला राहू शकतो, काम त्याच्यावर सोपवून डॉक्टरनं शेजारच्या खोलीत दुसरा रुग्ण बघायचा, हे चालत नाही.

पात्रता नसताना केलेलं काम न्यायालयात मुळातच निष्काळजीपणा धरलं जातं. १९९६ साली होमिओपॅथीची पदविका असलेल्यानं ॲलोपॅथीची औषधं दिली त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. तिथे 'साधारण कुशल डॉक्टर' ही कसोटी लावायची वेळच येत नाही. डॉक्टरची नोंदणी गोवा मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय आयोगाच्या ऑनलाइन नोंदवहीत पाहता येते.

पोलीस ठाणं की ग्राहक आयोग?

रागाच्या भरात पाय आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. जेकब मॅथ्यू निकालानंतर तो रस्ता मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो 'घोर' असावा लागतो, म्हणजे भानावर असलेला कुठलाच डॉक्टर असं करणार नाही इतका. गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्याचं, मत घ्यायचं असतं आणि डॉक्टरला सरसकट अटक करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून पक्कं आहे. सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा मात्र त्यात येत नाही. तिथे दिवाणी दावा उरतो. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आणि २०१९ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. नाक मुंबईत करून घेतलं असलं तरी डिचोलीतल्या माणसाला मुंबईच्या फेऱ्या घालायला नकोत, उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पुरे. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार जाते. काही महिन्यांत निकाल लागावा असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं लागतात, त्या तयारीनं जा.

डॉक्टरचा परवाना, आचरण याबद्दल तक्रार गोवा मेडिकल कौन्सिलकडे. तिथे पैसे मिळत नाहीत, पण परवाना काही काळ निलंबित होऊ शकतो. हे मार्ग एकमेकांना अडवत नाहीत.

'डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलेल?'

सहसा कचरतो, खरं आहे. छोट्या गोव्यात तर सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच कॉलेजात शिकलेले असतात. म्हणून आयोग स्वतः एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवू शकतो. शिवाय प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. पोटात कापड राहिलं, डाव्याऐवजी उजवीकडे कापलं, अशा ठिकाणी घटनाच बोलते. फिलर-लायपोसारख्या प्रकरणात मात्र तज्ज्ञाचं मत नसेल तर तक्रार लंगडी पडते. गोव्यात कोणी तयार नसेल तर बेळगाव, कोल्हापूर, मुंबईचा चालतो.

त्या तज्ज्ञाला बघायला कागद लागतात. केस पेपर, शस्त्रक्रियेची नोंद, भुलीचा तक्ता, संमतीपत्र, आणि फिलर किंवा इम्प्लांटच्या डबीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर. लेखी अर्ज केल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोन बदलताना व्हॉट्सॲपचं संभाषण जाऊ देऊ नका, आणि रोज एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढा. तुमच्याकडूनही काही अपेक्षा असतात: पट्टा बांधायला सांगितला असताना काढून ठेवला, तपासणीला गेलाच नाहीत, तर दवाखान्याचा वकील पहिल्यांदा तेच काढतो. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना सोडली तर सौंदर्याची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते.

घड्याळ दोन वर्षांचं

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावं लागतं. वर सांगितलं तसं नाकाचं खरं रूप दिसायलाच वर्ष जातं, म्हणजे हातात उरतं एकच. नुकसान लगेच दिसणारं असेल तर दिवस तिथपासून मोजतात, दडलेलं असेल तर ते कळल्यापासून. पण या दुसऱ्या सवलतीवर फार विसंबता येत नाही. गोव्यातल्या एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेची १९९३ साली मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नऊ वर्षं तिचं पोट दुखत राहिलं. २००२ मध्ये पोटात राहिलेलं गॉज सापडलं, २००४ मध्ये तिनं तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती मुदतबाह्य ठरवली. कापड आत राहिलं होतं याबद्दल वाद नको, पण स्वतः परिचारिका असून एवढी वर्षं दुखत असताना तिनं त्या डॉक्टरकडे विचारणा का केली नाही, असा न्यायालयाचा सूर होता. सामान्य बाई असती तर कदाचित वेगळं झालं असतं. मला तो निकाल कठोर वाटतो, तरी कायदा आज तोच आहे.

उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, सबळ कारण दिलं तर. 'डॉक्टर पुन्हा करून देतो म्हणत राहिले, म्हणून थांबलो' हे बऱ्याच जणांचं खरं कारण असतं. पण ते 'करून देतो' बहुधा फोनवर सांगितलेलं असतं. पुढच्या वेळी तसं कोणी म्हणालं तर घरी आल्यावर त्यालाच एक मेसेज टाका: 'आज आपण अमुक तारखेला पुन्हा करून देऊ म्हणालात, म्हणून मी थांबत आहे.'